पिवळ्या दिव्याचे एकोणीस पंचनामे

मी गुराढोरांची डॉक्टर. कुठं दुखतंय हे ज्यांना सांगता येत नाही, असेच माझे पेशंट. तरी शपथेवर सांगते, बारा वर्षांच्या नोकरीत एकाही म्हशीनं मला इतकं दमवलं नाही, जितकं जळगाव जामोदच्या आमच्या घरमालकांनी दमवलं. त्यांना बोलता येत होतं. लिहिता तर फारच येत होतं, आणि तिथंच सगळा घोळ होता.

ते रिटायर पटवारी. सारं गाव त्यांना पटवारीसाहेबच म्हणायचं, मीही म्हणायची. उंच, वाळके, पांढरा हाफ शर्ट, आणि शर्टाच्या खिशात तीन पेन. निळा लिहायला, लाल दुरुस्तीला आणि काळा पंचांना सहीसाठी. स्वतःचा निळा पेन ते पंचांच्या हाती देत नसत. "लोक दाबून सही करतात, निब बसते," म्हणायचे. तो पेन बॉलपेन होता, हे त्यांना सांगायची कोणाची टाप नव्हती.

त्यांच्या वरच्या खोलीत मी राह्यला गेले त्याच आठवड्यात नळाखाली माझी बादली फुटली. फुटली तर फुटली, मी दुसरी आणायला निघाले. जिन्यात साहेब आडवे आले.

"डॉक्टर मॅडम, बादलीले हात लावला काय?"

"नाही. का?"

"मोक्यावर, म्हणजे नळाखाली, सारं जसंच्या तसं ठेवा. मी कागद आणतो."

मला वाटलं गंमत करताहेत. कुठली गंमत! पाच मिनिटांत ते पॅड घेऊन आले आणि बादलीचा पंचनामा सुरू झाला. मला पंच होता येईना, कारण मी फिर्यादी. मग दूधवाल्याला थांबवलं. त्याचं दूध उन्हात, तो बिचारा एका पायावर उभा. बादलीची चतुःसीमा लिहिली: पूर्वेस नळ, पश्चिमेस धुण्याचा दगड, उत्तरेस भिंत, दक्षिणेस डॉक्टर मॅडम. फुटण्याचं कारण: 'बादलीचे वय.' मग सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं, सही घेतली आणि म्हणाले, "आता फेका."

मी विचारलं, "साहेब, याचा उपयोग काय?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गाईला थर्मामीटर कशाला लावतात असं विचारलं होतं. "मॅडम, जे लिहून नाही ते झालंच नाही. उद्या तुम्हीच म्हणसान बादली फुटलीच नव्हती."

असा माणूस. घरात दूध उतू गेलं, पपईचं झाड पडलं, पाहुण्याची चप्पल हरवली, सगळ्याचे पंचनामे. काकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, मला एकदा भाकरी थापता थापता रिटायरमेंटची गोष्ट सांगत होत्या. नोकरी संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्यांच्याकडून घराचा चार्ज घेतला. रीतसर! पातेली नऊ, झाकण्या सात, दोन झाकण्या कमी कशा म्हणून काकूंना लेखी खुलासा मागितला. काकूंनी किल्ल्या दिल्या, ओसरीवर पाय पसरून बसल्या. संध्याकाळी साहेबांनी तुरीच्या डाळीला फोडणी दिली आणि पाणी टाकायचं राहून गेलं. आठव्या दिवशी चार्ज परत.

"आन् काय लिहून देलं त्याईनं, माहीत हाय काय?" काकू हसत म्हणाल्या. "'प्रकृतीच्या कारणास्तव.' कोनाच्या प्रकृतीच्या, ते नाई लिहिलं."

काकू ठेंगण्या, चपळ, सत्तावन्न वर्षांच्या. त्यांच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली होती. त्यांची मोठी बहीण लोणारला एकटी राहायची. गुडघे गेलेले, एस.टी.ची पायरी चढवेना. दर बुद्धपौर्णिमेला दोघी बहिणी एकत्र खीर करायच्या, लहानपणापासूनची रीत. दोन वर्षं ती मोडली. साहेबांकडे जुनी पांढरी गाडी होती, पण बहीण त्यांच्यासोबत यायला तयार नव्हती. मागं एकदा आली होती, तर साहेबांनी वाटेत रस्त्यात पडलेल्या एका बाभळीचा पंचनामा केला होता. बाई चार तास उन्हात. तेव्हापासून तिनं सांगून टाकलेलं, "तुह्या नवऱ्याच्या गाडीत मी बसत नाई. तू सोता चालवत आली तर येतो."

थट्टेत म्हणाली असेल. काकूंनी ते मनावर घेतलं. मला गाडी येते हे कळल्यावर एक दिवस वर आल्या, दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "पोरी, मले शिकोशीन काय?"

मी शिकवलं. डिसेंबरपासून रोज सकाळी दवाखाना उघडायच्या आधी, त्याच पांढऱ्या गाडीवर, बाजाराच्या मोकळ्या जागेत. काकूंचा हात चांगला होता. जरा हळू, पण स्वच्छ. फेब्रुवारीत त्यांना लायसन मिळालं, तेव्हा त्यांनी ते आधी देवळीत ठेवलं आणि मग पर्समध्ये. पौर्णिमेला बहिणीला आणायचं, हे त्यांनी लोणारला फोन करून कळवूनही टाकलं.

आणि मग दिवा लागला.

त्या दिवशी आम्ही तिघं संग्रामपूरला लग्नाला निघालो होतो. काकू चालवत होत्या, मी मागे. साहेब पुढे डावीकडे, पॅड मांडीवर. मी गाडी चालवायची तेव्हा ते नेहमी मागे बसायचे, साहेबलोक बसतात तसे. काकू चालवत असल्या की मात्र पुढे, कारण 'देखरेख'. एका पुलापाशी समोरून ट्रॅक्टर आला आणि काकूंच्या समोर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा पेटला.

"थांबव!" साहेब ओरडले.

गाडी थांबली. इंजिन बंद. साहेबांनी खाली उतरून दोन माणसं गाठली, एक सायकलवाला आणि एक हरभरा सोंगणारी बाई. दोघांना खिडकीतून आत वाकायला लावलं. गाडी परत सुरू केली. दिवा काही लागेना.

"काई तं दिसत नाई, बाप्पा," सायकलवाला म्हणाला.

"मघा होता."

"मंग मघाच बलावाचं."

दहा मिनिटांनी, गाडी निघता निघता, दिवा पुन्हा लागला. साहेबांनी बसल्या जागेवरूनच ओरडून दोघांना पळत बोलावलं. आता पाहा त्या पंचनाम्याची भाषा, मी पाठ केली आहे: 'उत्तरेस सातपुडा पर्वत, दक्षिणेस हरभऱ्याचे शेत, पूर्वेस संग्रामपूर, पश्चिमेस आम्ही आलो तो रस्ता. दिवा पिवळा. आकार इंजिनासारखा. पंच क्रमांक दोन यांच्या मते चहाच्या किटलीसारखा. गाडीतील घड्याळ बरोबर. वाहन चालवत होत्या: आमच्या पत्नी.' लग्न लागून पंगत उठली तेव्हा आम्ही पोचलो. मला उरलेला मठ्ठा मिळाला.

मी मोबाईल काढून म्हटलं, "साहेब, दिवा लागला की मी फोटो काढत जाते, लोकांना कशाला त्रास?"

"फोटोले सही नसते, मॅडम."

पुढच्या दोन महिन्यांत तो दिवा यायचा, जायचा. कधी चार दिवस नाही, कधी एकाच दिवसात दोनदा. गावातला मिस्त्री, साधा, हुशार माणूस, त्याच्याकडे गाडी नेली. त्यानं स्टेअरिंगखाली एक वायर लावली, हातातल्या छोट्या मशीनकडे पाहिलं आणि मान हलवली.

"साहेब, दिवा लागला का गाडीचा काँप्युटर आपल्याजवळ कारण लिहून ठेवते. इथं तं कायच लिहेल नाही. पाटी कोरी."

साहेबांना हे फार लागलं. गाडीनं स्वतः नोंद ठेवायची आणि ती कोरी निघावी! त्यांना ती आपल्या खात्यातली चूक वाटली. आठ दिवसांनी परत नेली, परत कोरी. तिसऱ्यांदा नेली, तेव्हा मिस्त्री म्हणाला, "साहेब, खरंच लागते ना दिवा?" साहेबांनी पिशवीतून चौदा पंचनामे काढून त्याच्या टेबलावर ठेवले. मिस्त्रीनं हात जोडले.

शेजारणीनं लिंबू-मिरची बांधायचा सल्ला दिला. साहेब भडकले. "आमच्या घरात असलं चालत नाही. कारणाशिवाय कार्य होत नाही. कारण सापडेल." ते खरंच मानायचे तसं. अंधश्रद्धेचा त्यांना मनापासून राग. फक्त कारण शोधायची त्यांची पद्धत मला लिंबापेक्षा महाग पडत होती.

एप्रिलमध्ये त्यांनी सगळ्या पंचनाम्यांचा गोषवारा काढला. दोन दिवस ओसरीवर कागद पसरून बसले. मी दवाखान्यातून आले तर चेहरा उतरलेला. काकूंना बाहेर बोलावलं, मलाही थांबायला सांगितलं आणि उभं राहून वाचलं.

एकूण पंचनामे एकोणीस. वार वेगळे, रस्ते वेगळे, हवा कधी गार, कधी गरम. गाडीत कधी तांदूळ, कधी पाहुणे. एकच गोष्ट सगळ्यांत समान: एकोणीसच्या एकोणीस वेळा गाडी काकू चालवत होत्या.

"म्हणून," साहेब कागदावरून नजर न काढता म्हणाले, "कारण सापडेपर्यंत तुहं गाडी चालवणं स्थगित करत आहे."

काकूंच्या हातात पिठाचं ताट होतं. ते त्यांनी हळूच खाली ठेवलं. "माहं म्हननं लिहून घेतलं काय?"

साहेबांनी मान्य केलं की नाही घेतलं. लगेच कोरा कागद, निळा पेन. काकूंचा जबाब असा: 'गाडी मी चालवत होते. दिवा मी लावला नाही. बाई चालवते म्हणून दिवा लागते असं गाडीले कोणं सांगतलं, ते मले माहीत नाही. स्वयंपाक व्हायचा आहे.' सही. आणि वर आदेशाची नक्कल मागितली. नक्कल मिळाली.

माझं डोकंच फिरलं. "साहेब, मी तीन महिने काकूंना शिकवलं! रोज! मी शेजारी बसून! एकदा तरी दिवा लागला का? एकदाही नाही!"

साहेबांनी चष्मा वर केला. "त्याची नोंद कुठं आहे?"

"कशाची नोंद? जे झालंच नाही त्याची?"

"तेच म्हणतो मी."

आता काय बोलणार! दिवा लागला की पंचनामा. दिवा लागला नाही त्याचा पंचनामा कोणी करतं का? त्यांच्या कागदांत माझ्या तीन महिन्यांच्या सकाळी कुठंच नव्हत्या. मी पाय आपटत वर गेले आणि दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. काकू बोलत होत्या, पण कामापुरतं. साहेबांना जेवण वेळेवर मिळायचं, भाजीत मीठ बरोबर असायचं. त्याचीच त्यांना जास्त भीती वाटत असावी. पौर्णिमा वीस दिवसांवर आली होती. लोणारहून फोन आला की काकू सांगायच्या, "पाहू ना ताई, गाडीचं काम हाय." आणि फोन ठेवून बराच वेळ तशाच बसायच्या. ते मला बघवत नव्हतं.

शेवटी मी मिस्त्रीलाच घरी घेऊन आले. त्याच्या म्हशीचं बाळंतपण मी केलं होतं, तो मला नाही म्हणणार नव्हता. साहेब दुपारचे झोपले होते. काकूंनी पंचनाम्यांची पिशवी आणून दिली आणि मिस्त्री ओसरीवर बसून एकेक कागद वाचायला लागला. आधी हसत होता. मग हसायचा थांबला.

"डाक्टरीनबाई, हे पाहा. पहिल्या कागदात लिहेल हाय, घड्याळ बरोबर. मंग दुसऱ्यापासून साऱ्याईत 'गाडीतील घड्याळ चुकीचे'. दिवसा दहा वाजता बारा वाजून चाळीस. इथं सकाळी आठले बारा पंचवीस. रोज बारापासून सुरू होऊन राह्यलं." तो उठून गाडीकडे गेला. "बॅटरी कोन काढते हो इची?"

त्यानं बॉनेट उघडलं आणि आम्ही दोघांनी आत पाहिलं. माय वो! बॅटरीची एक वायर काढलेली. तिच्या टोकाला पांढरं फडकं गुंडाळलेलं, फडक्यावर सुतळी, सुतळीच्या गाठीवर लाल लाख, आणि लाखेवर चार भोकांच्या बटणाचा ठसा.

"सील," मागून आवाज आला. साहेब उठून आले होते. "हात लावू नका. मुद्देमाल आहे."

झालं होतं ते असं. प्रत्येक पंचनाम्यानंतर, घरी आल्या आल्या, साहेब गाडीत कोणी ढवळाढवळ करू नये म्हणून बॅटरी सोडवून सील करायचे. पितळी शिक्का रिटायर होताना जमा करावा लागला, म्हणून निरोपसमारंभाच्या कोटाचं बटण. दुसऱ्या दिवशी स्वतः सील तपासून, शाबूत असल्याची खात्री करून, मग वायर जोडायचे. आणि बॅटरी सुटली की गाडीच्या काँप्युटरनं लिहून ठेवलेलं सगळं पुसलं जातं!

मिस्त्री डोक्याला हात लावून खाली बसला. "साहेब, गाडी एकोनीस डाव सांगून राह्यली व्हती. तुमी एकोनीस डाव पुसलं."

सबंध नोकरीत एकही नोंद ज्यांनी खोडली नाही, त्या माणसाला हे ऐकावं लागलं. साहेब आत गेले, ती सुतळी, ती लाख, ते बटण, सगळं एका डब्यात भरून आणलं आणि काकूंच्या हाती दिलं. मला त्या क्षणी त्यांची फार दया आली. राग गेला नव्हता, पण दया आली.

पण कारण अजून सापडलं नव्हतं. मिस्त्री म्हणाला, "आता बॅटरीले हात नोका लावू. काकूच चालवतीन, जशा रोज चालवत तशा. साहेब, तुमी जिथं बसता तिथंच बसा. मी मशीन लावून मांगं बसतो." स्थगिती एका दुपारपुरती उठली. मी आणि मिस्त्री मागे, साहेब पुढे डावीकडे, काकू स्टेअरिंगवर. मशीनची वायर लांब करून मिस्त्रीच्या मांडीवर.

नांदुऱ्याच्या रस्त्याला लागलो. दोन किलोमीटर काही नाही. मग समोरून ट्रक आला, काकूंनी गाडी बाजूला घेतली आणि फट्! दिवा.

"आला," मिस्त्री मशीन वाचत म्हणाला. "सेन्सरची लाईन तुटली म्हनते. काकू, चालू द्या, थांबू नोका." ट्रक गेला, दिवा गेला. पुढे गतिरोधक आला. दिवा. गतिरोधक गेला, दिवा गेला. बैल आडवा आला. दिवा. मिस्त्री आता मशीनकडे पाहत नव्हता. तो पुढच्या दोन सीटच्या फटीतून वाकून खाली पाहत होता. बराच वेळ पाहत होता.

"साहेब," तो एकदम प्रेमानं म्हणाला, "तुमचा उजवा पाय काय करून राह्यला?"

साहेबांनी खाली पाहिलं. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. काकूंनी गाडी कडेला घेतली आणि त्यांनीही पाहिलं. साहेबांचा उजवा पाय सरळ ताठ, समोरच्या गालिच्यात रुतलेला. सारा जोर लावून ते ब्रेक दाबत होते. डावीकडे, जिथं ब्रेक नसतो तिथं.

मिस्त्रीनं गालिचा उचकटला. आत, पायाच्या अगदी पुढं, गाडीचा काँप्युटर होता, आणि त्यात जाणारा वायरांचा जुडगा बुटाच्या टाचेनं दबून दबून एका बाजूला वाकला होता. साहेब घाबरले की पाय दाबला जायचा. पाय दाबला की वायर सुटायची. वायर सुटली की दिवा. मी शेजारी बसायची तेव्हा मी काही दाबत नव्हते. मी चालवायची तेव्हा साहेब मागे. ते स्वतः चालवायचे तेव्हा त्यांच्यापाशी खरा ब्रेक होता.

कोणी हसलं नाही. म्हणजे मी हसणार होते, पण काकूंकडे पाहिलं आणि गप्प बसले.

"चौतीस वर्षं," काकू म्हणाल्या, "चौतीस वर्षं मी तुमच्या स्कूटरवर मांगं बसली. पावसात, चिखलात, घाटात. मी कवा ब्रेक दाबला काय?"

साहेब पायाकडेच पाहत होते. "मले समजलंच नाही," ते म्हणाले. "इमानदारीनं सांगतो. पाय आपोआप जाते. मले भेव वाटते."

"कायचं भेव? मी गाडी ठोकीन याचं?"

"तुले काही होईल याचं."

काकूंनी तोंड खिडकीकडे फिरवलं. रस्त्यावर एक बकऱ्यांचा कळप चालला होता, तो पूर्ण जाईपर्यंत त्या पाहत राहिल्या. मिस्त्री वायर सरळ करून, क्लिप बसवून, चिकटपट्टी लावत राहिला.

घरी आल्यावर साहेबांनी शेवटचा पंचनामा लिहिला. मी आणि मिस्त्री पंच. पहिल्यांदाच त्यांना वाचून दाखवताना मध्ये थांबावं लागलं. 'दिवा लागण्यास आमचा उजवा पाय कारणीभूत असल्याचे दिसून आले. पत्नीचा कोणताही दोष नाही. स्थगिती रद्द. सदर इसमाने,' म्हणजे स्वतः, 'यापुढे सदर वाहनात बसू नये.'

"अवो, असं काऊन लिहिता?" काकू म्हणाल्या. "मांगं बसा ना."

"नाही. मागून मी तुझी सीट दाबीन." लाल पेनानं त्यांनी 'बसू नये' च्या खाली रेघ मारली.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी सातला आम्ही निघालो. मी रजा घेतली होती, काकूंनी आग्रह केला म्हणून शेजारी बसले. साहेब फाटकापाशी उभे. चाकांतली हवा तपासली, पाण्याची बाटली दिली, "सावकाश" म्हणाले. एवढंच. काकूंना वाईट वाटलं असावं, कारण वळणापर्यंत त्या आरशात फाटकाकडेच पाहत होत्या.

खामगावला चहा घेतला. पुढे मेहकरच्या रस्त्याला लागलो, तर थोड्या वेळानं आरशात एक लाल एस.टी. दिसली. काकू चाळीसच्या वर जात नाहीत. मला वाटलं, आता ही बस भोंगा वाजवत अंगावरून जाणार आणि काकू बिचकणार. पण बस काही पुढं जाईना. रस्ता मोकळा, समोर काही नाही, तरी ती आमच्या मागं मागं, लांब अंतर ठेवून, चाळीसनं. भोंगासुद्धा नाही.

"हा येष्टीवाला ओव्हरटेक काऊन करून नाही राह्यला?" काकू वैतागल्या. मी खिडकीतून हात काढून पुढं जायची खूण केली. ड्रायव्हरनं हात हलवून नाही म्हटलं. जानेफळ आलं, गेलं. बस मागंच. मी एस.टी.च्या ड्रायव्हरांबद्दल काय काय बोलले, ते इथं लिहीत नाही.

मेहकरच्या स्टँडसमोर काकूंनी पाणी प्यायला गाडी उभी केली. बस आत वळता वळता तिथंच थांबली. कंडक्टर उतरला आणि थेट काकूंच्या खिडकीपाशी आला.

"ताई, नमस्कार. तुमीच का त्या? जळगाव जामोदहून दुसऱ्या येष्टीनं आले म्हने, अन् खामगावले आमच्या गाडीत चढले तवापासून हे साहेब ड्रायव्हरच्या मागं उभे. बसतच नाहीत. सारखे ड्रायव्हरले सांगतात, भोंगा वाजवू नका, ते दचकते. जवळ जाऊ नका, तिले आरशात दिसते. लोकं कावले ना, बस बैलगाडीसारखी काऊन चालली म्हणून. तं साहेबानं साऱ्या गाडीले सांगतलं, 'समोरच्या गाडीत माही बायको आहे. पहिल्यांदा लोणारले चालली, सोता चालवत.' मंग कोनी काई बोललं नाही. एक म्हातारी तं म्हणे, जाऊ द्या बाप्पा सावकाश."

काकूंनी वर पाहिलं. बसच्या सगळ्या खिडक्यांत माणसं. कोणी हात हलवत होतं. पुढच्या दारात, दांडी धरून, पांढऱ्या हाफ शर्टात साहेब उभे. चेहरा घामानं भरलेला.

काकूंनी दार उघडलं, खाली उतरल्या, रस्ता ओलांडून बसच्या दारापाशी गेल्या. मी मागोमाग.

"उतरा खाली," त्या म्हणाल्या. डोळे भरले होते, पण आवाज कडक. "गाडीत चाला. मी म्हनतो ना, चाला."

साहेबांनी मान हलवली. दांडी सोडली नाही.

"नाही," ते म्हणाले. "तू हो पुढं. मी येतो मागून."

काकूंनी एकदा दांडीवरच्या त्यांच्या हाताकडे पाहिलं. मग परत आल्या, गाडीत बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि पहिला गिअर टाकून स्टँडच्या त्या गर्दीतून लोणारच्या रस्त्यावर गाडी काढली.